पुठ्ठ्यावरचा शेंगदाणा

“ओढू नका काकू, पंख हातात येईल!” अपेक्षा ओरडली, पण तोवर दाक्षायणीच्या बोटांत तीन हिरवी पिसं आलीच होती.

मल्लू पोपट उंदरांसाठी ठेवलेल्या चिकट पुठ्ठ्यावर उपडा पडला होता. दोन्ही पाय, छाती आणि डावा पंख गोंदात. धडपडेल तेवढा आणखी रुतत होता. ओरडून ओरडून आवाज बसलेला, आता नुसती चोच उघडत होती.

पुठ्ठा दाक्षायणीनंच ठेवलेला. शुक्रवार पेठेतल्या दोन खोल्यांत शेंगाचटणी कुटून विकणारी बाई ती. दाण्यांची पोती घरात म्हटल्यावर उंदीर पाहुणे नव्हेत, घरमालकच. बोळातल्या बाकीच्या बायका पुठ्ठ्यावर भजं ठेवतात. हिनं भाजलेला शेंगदाणा ठेवला. घरात दुसरं होतं काय? आणि पोपटाला पिल्लू असल्यापासून खाऊ म्हणून माहीत तो हिच्या हातचा भाजका दाणा. उंदीर शहाणे निघाले, ते तिकडं फिरकलेही नाहीत.

शेजारच्या खोलीतली अपेक्षा कॉलेजात शिकत होती. ती मोबाइलमध्ये डोकं घालून म्हणाली, “आधी उघड्या गोंदावर पीठ टाका, मग कापसानं तेल लावा असं लिहिलंय. नाहीतर सरळ जनावरांच्या दवाखान्यात नेऊ या की.”

“तितं पयलं इचारतील, पोपट कुटनं आनला? पाळायला बंदी हाय म्हनं. काढून घेतला तर? तुज्या काकांचं काय करू मी मग?”

काका म्हणजे दाक्षायणीचा नवरा चन्नप्पा. तीस वर्षं टॉवेलच्या कारखान्यात मागावर उभा राहिलेला माणूस दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूनं आडवा झाला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. वर्षभर घरात भिंतीनं तरी बोलावं अशी शांतता. मग एका सकाळी मल्लू खाटेच्या दांड्यावर बसला होता आणि चन्नप्पा म्हणाला, “बा.” तो दुधनीकडचा, घरची बोली कानडी, ‘बा’ म्हणजे ‘ये’. पोपट टुणकन छातीवर उतरला. त्या दिवसापासून तो एकच शब्द, आणि तोही पोपटालाच. व्यायाम शिकवायला येणारी बाई म्हणाली होती, “एक शब्द आला म्हणजे दुसराही येईल. पोपटाला जवळ ठेवा.” दाक्षायणी दुसऱ्या शब्दाची वाट बघत होती. तो आपलं नाव असावा असं तिला वाटायचं. या वयात असलं काही कुणाला सांगायची सोय नसते, म्हणून तिनं सांगितलं नव्हतं.

जोंधळ्याच्या पिठाचा डबा घ्यायला ती वळली आणि तिची नजर खाटेवर गेली. चन्नप्पाच्या डाव्या हातात स्टीलचा पेला तसाच होता. आत्ता तिला उमगलं. ती उखळात चटणी कुटत होती तेव्हा तो पेला खाटेवर आपटत होता. चहा हवा की तो असाच आपटायचा. “आले की! जरा दम धरा, लई घाई तुमाला!” असं खेकसून तिनं मुसळ आणखी जोरात हाणलं होतं. तो आपटत राहिला, ती कुटत राहिली, मल्लूची ओरड मुसळाच्या दणक्यात बुडाली. मल्लू दाण्याकडं एकेक पाऊल चालत गेला तेव्हापासून त्याला सगळं दिसत होतं.

दोघींनी तासभर खटपट केली. पीठ, शेंगतेल, कापूस. एकेक बोट सुटलं, मग पंख, शेवटी छाती. छातीवर पिसं फार उरली नाहीत. तेल काढायला साबणाच्या कोमट पाण्यातून धुतलं तेव्हा एवढासा जीव मुठीएवढाही राहिला नाही. बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं आणि घरात पोपट थंडीनं कापत होता. दाक्षायणीनं कूलर बंद केला, त्याला जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं आणि चन्नप्पाच्या डाव्या तळहातावर ठेवलं.

“बोलवा की त्याला. तुमचं ऐकतो त्यो.”

“बा,” चन्नप्पा म्हणाला. “बा. बा.”

मल्लूनं एकदा डोळा उघडला. मग मिटला. चारच्या सुमाराला कापणं थांबलं.

“झोपला वाटतं,” अपेक्षा हळूच म्हणाली.

चन्नप्पानं मान हलवली. नाही.

दाक्षायणी खाटेच्या कडेला बसली. तिच्या कोपरापर्यंत तेल होतं आणि तेलावर पिठाच्या गुठळ्या. “मीच ठेवला दाना,” ती म्हणाली. “तुमी सांगत हुता आन् मी तुमच्यावरच वराडले. शिवी द्या मला. एक तरी द्या. द्या की वो!”

त्यानं तिच्याकडं बघितलं. ओठ हलले, गळ्याची शीर ताठली. ती वाकली, कान त्याच्या तोंडाशी नेला. गरम श्वास तेवढा लागला.

मग त्यानं लुगड्याचं गाठोडं हलकेच उशीवर ठेवलं. आजारपणापासून तोंडाचा उजवा कोपरा कायम उघडा राहायचा, त्यातून लाळ गळायची. तो कोपरा त्यानं डाव्या हाताच्या दोन बोटांत धरला, तोंड नीट मिटवलं आणि बोटं तशीच दाबून ठेवली, उरलेला एक शब्दही बाहेर पडू नये अशी.