इसार दिलेलं मशीन

माझे सासरे सिद्धूमामा यांनी आयुष्यात कुणाला दिलेला शब्द मोडलेला नाही, असं गावात कौतुकाने सांगतात. सांगणाऱ्यांना त्यांच्याबरोबर दुकान चालवायचं नसतं.

आमचं घोंगड्यांचं दुकान साताऱ्याबाहेर, महामार्गाच्या सर्व्हिस रोडला आहे. लोकर आमच्याच मेंढरांची, तिकडे कवठे महांकाळच्या रानातली. विणणारे सनगर तिकडचेच, आणि ते सगळं माझा नवरा तानाजी बघतो. मामांचे गुडघे मेंढरांमागे चालेनासे झाले तेव्हापासून ते माझ्याबरोबर दुकानात बसतात. दुकान चालवते मी, पण परवाना, बँकेचं खातं आणि पाटीवरचं नाव मामांचं. दुकान काढलं तेव्हा मी नवी नवरी होते. नव्या सुनेच्या नावावर कोण काय करतं?

गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचं. गाडी थांबवतात, घोंगडं गालाला लावून बघतात, चार-पाच हजारांचा माल बाजूला काढतात आणि क्रेडिट कार्ड पुढे करतात. फोनवरून पैसे देणारेही असतात, पण मोठी खरेदी करणाऱ्याला पैसे पुढच्या महिन्यावर ढकलायचे असतात. मशीन नाही म्हटलं की म्हणतात, "परत येताना घेतो." परत येताना कोणी थांबत नाही. यंदा दिवाळीपर्यंत दुकानाने स्वतःचं भाडं स्वतः काढलं नाही तर कुलूप लावायचं आणि गावाला जायचं, असं मामांनी सांगून ठेवलं होतं. मला गावाचं वावडं नाही. पण हे दुकान मी उभं केलं होतं आणि ते बंद करायला मी तयार नव्हते.

म्हणून कार्डाच्या मशीनची चौकशी सुरू केली. एका खाजगी कंपनीने ऋषिराज नावाचा माणूस पाठवला. शर्ट खोचलेला, बोलणं गोड. तो म्हणाला, "शंभराच्या विक्रीवर कंपनी दोन रुपये घेणार."

मामांनी खांद्यावरचा टॉवेल काढून हातावर टाकला आणि हात पुढे केला. मेंढरांच्या बाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. कापडाखाली एकमेकांची बोटं धरतात, दाबतात, आणि जमलं की सौदा. ऋषिराजला वाटलं, म्हातारा काहीतरी देतोय. त्याने टॉवेलखाली हात घातला, आणि मामांनी त्याची बोटं अशी काही आवळली की बिचाऱ्याचे कान लाल झाले. शेवटी मामांनी आकडा माझ्या कानात सांगितला आणि मी बोलले, "सव्वा रुपया म्हणतायत."

त्याने बाहेर जाऊन एक फोन केला आणि सव्वा रुपयाला हो म्हणाला. माझ्या मनात पाल चुकचुकली. दोनवरून सव्वावर जो एका फोनमध्ये येतो, तो दुसरीकडून वसूल करणार. पण तोवर मामांनी पाचशे एक रुपये इसार म्हणून त्याच्या हातावर ठेवले होते. इसार म्हणजे बयाणा. तो दिला की बाजारात सौदा पक्का. ऋषिराजने ती नोंदणी फी म्हणून घेतली आणि गुरुवारी मशीन आणतो म्हणाला.

तो गेल्यावर मी आमचं जुनं खातं आहे त्या, सांगलीजवळच्या माधवनगरच्या बँकेत फोन लावला. तिथल्या संयोगिता मॅडम म्हणाल्या, "आमचा दर जास्त आहे. शंभराला एक ऐंशी. पण मशीनचं भाडं महिन्याला फक्त शंभर, आणि धंदा झाला नाही तरी दंड नाही. त्यांचं भाडं किती?"

ते आम्ही विचारलंच नव्हतं. मग कंपनीच्या ऑफिसला फोन केला. तिथल्या मुलीने पाठ केल्यासारखं सांगितलं, की भाडं महिन्याला साडेसातशे, आणि महिन्यात पन्नास हजारांची विक्री कार्डावर झाली नाही तर आणखी पाचशे.

आमची कार्डावरची विक्री थंडी सोडली तर महिन्याला दहा हजारांच्या वर जाईल असं मला वाटत नव्हतं. बँक त्यातले दोनशे ऐंशी घेणार होती. कंपनी तेराशे पंचाहत्तर.

मामांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "इसार दिलाय, पोरी."

"आवं मामा, पर बुडतोय की आपुन."

"बुडू. उद्या लोक म्हणतील, सिद्धूनं हात धरून सोडला. मग माज्यासंगं बाजारात कोण बसंल?"

"तुमी बाजारात जाता कवा आता?" मी फाडकन बोलून गेले. "दुकान बंद पडंल, ते चालंल. पर तुमचा शब्द मोडाया नगं."

त्या दिवशी मी त्यांना चहा दिला तोही टेबलावर ठेवून, हातात नाही. खूप राग आला होता. आणि रागापेक्षा वाईट वाटत होतं, की आकडे इतके स्वच्छ असून माझ्या बोलण्याला या घरात वजन नाही.

दुसऱ्या दिवशी माझं डोकं जरा थंड झालं. हा माणूस आकड्यांनी हलणार नाही, त्याच्या वाटेनेच जायला हवं, हे कळलं. घोंगड्यांच्या घड्या घालता घालता मी विचारलं, "मामा, इसार दिल्याव मेंढीत खोड निघाली, तर?"

"लपवली आसंल तर सौदा मोडतो. इसार दुप्पट परत."

"मग ह्या मशीनीत न्हाई का खोड?"

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घेतला. मला वाटलं, जिंकले. पण ते म्हणाले, "व्हय, खोड हाय. पर त्यानं लपवली म्हणता येत न्हाई. घेणाऱ्यानं इचारायचं असतं. मी इचारलंच न्हाई."

"का न्हाई इचारलं?"

"साहेब माणूस. बुटात आलेला. त्याला कसं इचारायचं, तुज्या मालात खोड काय म्हणून?" ते जरा खाली बघत म्हणाले. "लाज वाटली."

पन्नास वर्षं बाजारात उभा राहिलेला माणूस, बुटाला लाजला. माझा सगळा राग ओसरला. मी म्हटलं, "मेंढी अजून दावणीला आली न्हाई, मामा. तवर इचारता येतं का?"

"येतं. त्यानं खरं सांगितलं तर भाव नव्यानं बसतो, न्हाई पटला तर सौदा सुटतो, आन् लपवलं तर मोडतो. कसंबी आपुन मोकळं." मग माझ्याकडे बघून हसले. "लय वस्ताद हायस."

गुरुवारी ऋषिराज खोकं घेऊन आला. मामा उठून उभे राहिले. आवाज बाजारातलाच होता. "साहेब, दावणीला बांधायच्या आधी इचारतो. ह्यात खोड काय हाय?"

ऋषिराजने माझ्याकडे बघितलं. मी मामांकडे बोट दाखवलं. त्याने खोकं खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं, भाडं, पन्नास हजारांची अट, दंड. "दर मी अजून कमी करू शकतो," तो म्हणाला. "भाडं माझ्या हातात नाही. खरं सांगू का मामा, तुमच्या धंद्याला हे परवडणार नाही. बँकेचं घ्या. पण नोंदणी फी आता परत मिळणार नाही."

"ऱ्हाऊ द्या," मामा म्हणाले. "त्वांडानं सांगितलंसा, पाचशे एक फिटले." आणि त्याला बसवून चहा पाजला.

सोमवारी आम्ही माधवनगरला गेलो. संयोगिता मॅडमनी कागद पुढे केले. मामांनी पेन घेण्याआधी तोच प्रश्न विचारला. मॅडम हसल्या, पण उत्तर नीट दिलं. पैसे खात्यात दुसऱ्या दिवशी येतात, आणि तुमच्या बाजूला रेंज नसली तर मशीन अडतं.

मामांनी मान डोलावली आणि कागद माझ्यापुढे सरकवले. "खातं हिच्या नावावर करा."

मॅडम म्हणाल्या, "मग परवान्यापासून सगळं बदलावं लागेल. वेळ जाईल."

"जाऊ द्या. जिला इचारायची लाज वाटत न्हाई, दुकान तिचंच पायजे."

मॅडमनी विचारलं, "पूर्ण नाव?"

मी सांगितलं. मॅडमनी लिहून घेतलं, तरी दुसऱ्यांदा, मोठ्याने सांगितलं.