पाच लिटरचं निळं भांडं

"रंग राहू दे गं, आधी झाकण काढ," बाई म्हणाल्या.

दुकानातल्या मुलीने निळ्या भांड्याचं झाकण काढलं. बाईंनी तळावरून बोटं फिरवली, काठाला कुठे टवका उडालाय का ते नखाने चाचपून पाहिलं. भांडं बिडाचंच, पण वरून इनॅमलचा मुलामा चढवलेला. बाहेरून निळा, आतून दुधी पांढरा.

"आतून पांढरं ते बरं," त्या म्हणाल्या. "कांदा किती परतलाय ते दिसतं. काळ्या तळात करपला तरी पत्ता लागत नाही."

मुलगी हसली. "मावशी, माझ्या जागी तुम्हीच उभ्या राहा."

बाईंनी एका इस्पितळाच्या कँटीनमध्ये अठ्ठावीस वर्षं स्वयंपाक केला होता. दोनशे माणसांचा अंदाज त्यांच्या हातात मुरला होता. एका माणसाचा मात्र निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी बसला नव्हता. रोज काहीतरी उरायचं आणि दुसऱ्या दिवशी तेच खावं लागायचं.

"घरात माणसं किती?" मुलीने विचारलं. "एकदोघांना दोन लिटरचं पुष्कळ झालं."

"चार," बाई पटकन म्हणाल्या.

अगदीच खोटं नव्हतं ते. मुलगा, सून आणि नात पाच वर्षांनी येणार होती. शनिवारी, दुपारची.

"मग हे पाच लिटरचं घ्या. पण आधी उचलून बघा हं, रिकामंच साडेपाच किलो आहे."

बाईंनी दोन्ही कान धरून भांडं उचललं. मनगटांतून कळ थेट खांद्यापर्यंत गेली. कँटीनमधली पातेली उतरवून उतरवून हात केव्हाच कामातून गेले होते. पण चेहऱ्यावरची रेषही न हलवता त्या म्हणाल्या, "हलकंच आहे की!"

रिकामं तापवायचं नाही, आच मध्यमच ठेवायची, तापल्यावर गार पाणी ओतायचं नाही, नाहीतर मुलामा तडकतो, पळी लाकडी हवी. मुलीने सगळं सांगितलं आणि बाईंनी ते पहिल्या दिवशी शाळेत बसल्यासारखं ऐकून घेतलं. दुकानाच्या गाडीवाल्याने भांडं तिसऱ्या मजल्यावर आणून थेट शेगडीवर ठेवून दिलं. तिथून ते हललं नाही.

शनिवारी नऊलाच बाईंनी कांदे परतायला घेतले. मग कोंबडी, गाजरं, बटाटे. झाकण लावून आच बारीक केली. मुलगा लहानपणी ताट चाटूनपुसून खायचा, ते आठवून त्यांनी दोन बटाटे जास्तीचे घातले. बारापर्यंत जिन्यात वास गेला होता.

एकला बेल वाजली. मुलाने दारातच त्यांना मिठी मारली. "आई, जेवणाचं काही करत बसू नकोस हं. आम्ही खाऊनच आलोय. तुझे हात दुखतात, म्हटलं उगाच त्रास कशाला."

"बरं केलंत," बाई म्हणाल्या.

"पण वास कसला येतोय गं? भारी आहे."

"शेजारी काहीतरी शिजतंय."

नात सोफ्याच्या कडेला बसून मोबाइल बघत होती. बाईंनी तिला शाळेचं विचारलं, तिने "छान" म्हणून सांगितलं. मुलगा घराचे हप्ते, ऑफिस, तिकडची थंडी यावर बोलत राहिला. सून पाणी घ्यायला म्हणून आत गेली ती लवकर बाहेर येईना, तेव्हा बाई उठून मागोमाग गेल्या.

झाकण सुनेच्या हातात होतं. भांडं काठोकाठ भरलेलं.

"आई, अहो हे…"

"असू दे. त्याला बोलू नकोस. त्याने मायेनेच केलं."

काय करावं ते न सुचून सुनेने झाकण ठेवलं. भांडं जरा मागे सरकवायला गेली आणि थबकली. "बापरे! केवढं जड आहे! तुम्ही उचलता कसं?"

"मी कुठे उचलते? घेताना वाटलं, उचलणारं कुणीतरी असेल."

सुनेने फळीवरची एक वाटी काढून पुढे केली. "मला वाढा थोडं."

"भरल्या पोटी नको खाऊस, बाधेल," बाई म्हणाल्या. वाटी तिच्या हातातून हळूच काढून घेऊन त्यांनी जागेवर ठेवली. "चल, ते वाट बघतायत."

तीन वाजता सगळे निघाले. संध्याकाळी मुलाच्या मित्राकडे जायचं होतं, उद्या परतीचं विमान. बाई गॅलरीत उभ्या राहिल्या. गाडी कोपऱ्यावर वळताना सुनेने काच खाली करून हात हलवला.

आत येऊन त्यांनी हात धुतले. रस्सा अजून चांगला गरम होता. ताट घेतलं, डावाने वाढून घेतलं, खुर्ची ओढून टेबलाशी नीट बसल्या आणि पहिला घास घेतला.

मीठ अगदी बरोबर पडलं होतं.