पोंऽक!

मित्रांनो, मला तुम्ही पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की आहे. पोलिसांचा तो जुना मारधाडीचा विनोदी चित्रपट आठवतो ना? सुट्टीच्या दिवशी टीव्हीवर लागला की मोठी माणसंसुद्धा चहा गार होऊ देतात, तो. त्यात ढेरपोट्या हवालदार चोरामागे धावताना छपरावरून खोक्यांच्या ढिगात कोसळतो आणि आवाज येतो, 'पोंऽक!' तो आवाज माझा. पितळेचा कर्णा आणि मागे लाल रबरी फुगा, असा मी सायकलचा जुना भोंगा आहे.

चित्रपटांना आवाज भरणाऱ्या एका माणसाने मला दुकानातून आणलं. त्याच्या बंद खोलीत नारळाच्या करवंट्या, जुने बूट, पत्रे असे माझे पुष्कळ सोबती होते. एके दिवशी पडद्यावर तो हवालदार पडला आणि पाठोपाठ किंकाळी ऐकू आली. "आई गंऽऽ!"

ती नटाची नव्हती. त्याच्या जागी पोटाला उशी बांधून उडी मारणारा माणूस वेगळाच होता. ढिगाखालची गादी हातभर सरकली होती.

"पडलाय काय झकास!" दिग्दर्शक म्हणाले. "तेवढं ते ओरडणं काढा आणि काहीतरी गमतीचं घाला."

आवाजवाल्याने मला उचललं. क्षणभर त्याचा हात थांबला. मग त्याने फुगा दाबला. खोलीतले सगळे पोट धरधरून हसले, आणि खरं सांगतो, तेव्हा मीही फुशारलो.

चित्रपट तुफान चालला. आवाजवाल्याला मात्र चैन पडेना. तो मला घेऊन त्या उडीवाल्याच्या घरी गेला. "ठेव. तुझ्या उडीचा आवाज आहे," एवढंच बोलला. खरं तर त्याला माफी मागायची होती. उडीवाल्याची काठी तेव्हा नवी होती.

आता तो उडीवाला आजोबा झाला आहे. चित्रपट लागला की नात मला हातात घेऊन बसते आणि बरोबर त्या क्षणी फुगा दाबते. ती हसते, आजोबाही हसतात. पाय म्हातारपणामुळे अधू झालाय, असं त्यांनी तिला सांगून ठेवलेलं. मी गप्प. पोंक करण्यावाचून मला येतं तरी काय?

गेल्या रविवारी नात पोटाला उशी बांधून कपाटावर चढली. मी तिच्याच हातात होतो.

"आजोबा, बघा हं! मी हवालदार!"

आजोबा धडपडत उठले, पण काठी हाताला लागेना. "उतर आधी!"

"अहो, खाली गादी टाकलीय ना!"

"माझ्याही खाली होती."

नात थबकली. "तुमच्या?"

"तो छपरावरून पडणारा मीच. हा पाय तेव्हाचा आहे."

"पण त्यात कुणाला लागत नाही! नुसतं पोंक होतं!"

"ते मागाहून घातलं, बाळा. मी ओरडलो होतो."

ती कपाटाच्या कडेला बसली. मग खुर्चीवर एक पाय, जमिनीवर दुसरा, अशी हळूहळू उतरली. मला तिने टेबलावर ठेवलं आणि आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"खूप लागलं होतं का हो?"

आजोबांना सदा काहीतरी गंमत सुचते. त्या दिवशी सुचली नाही.

"हो गं," ते म्हणाले. "खूप."

मित्रांनो, तो चित्रपट अवश्य बघा, खदखदून हसा. आपल्या उडीवर अजून घरं हसतात, याचा आजोबांना अभिमानच आहे. पण तुमच्यासमोर कुणी खरोखर पडलं, तर हसण्याआधी जवळ जा आणि विचारा. त्या किंकाळीच्या जागी मी एवढ्या मोठ्याने वाजलो, की आजोबांना कुणी हे विचारायला एकेचाळीस वर्षं लागली.