एकोणचाळीस रिकाम्या जागा

निकाल लागून तीन दिवस झाले होते आणि गोगी घरी अजून "लागायचाय" असंच सांगत होती. गोगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी चपला घालायलाही ती इतका वेळ लावायची की दादाने तिला गोगलगाय म्हणायला सुरुवात केली आणि त्याचं पुढे गोगी झालं. आता ती सव्वीस वर्षांची होती, औषधांच्या दुकानात कामाला होती आणि औषधशास्त्राच्या पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेत तिला शंभरपैकी सत्तावन्न गुण पडले होते. हवे होते सत्तर. फेरपरीक्षेच्या अर्जाची मुदत गुरुवारी संध्याकाळी पाचला संपत होती. ती एकदाची संपून जावी, म्हणजे ठरवायचं काही उरणारच नाही, एवढीच तिची इच्छा होती.

त्या गुरुवारी दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. मालकीणबाई काउंटरमागे बसल्या होत्या. साठी उलटलेली, तोंडाने फटकळ बाई. सहा वर्षांपूर्वी गोगी कामाला लागली तेव्हा त्यांनी तिच्याकडून एकच धडा घोटून घेतला होता. औषधाचं नाव तीनदा वाचायचं: फळीवरून काढताना, मोजताना आणि गिऱ्हाइकाच्या हातात देताना. डॉक्टरांचं अक्षर लागलं नाही तर फोन करायचा. अंदाज करणाऱ्याने दुसरं दुकान बघावं, असं त्या बजावायच्या. सहा वर्षांत गोगीच्या हातून एकही चूक झाली नव्हती.

बाईंनी परीक्षेचं विचारलं तेव्हा थाप तिच्या जिभेवर तयार होती. पण तोंड उघडलं आणि रडूच आलं.

"मला डोकंच नाही, बाई," ती म्हणाली. "दादा चिडवतो ते खरंच आहे. मी आपली गोळ्या मोजायलाच बरी."

बाईंनी समजूत घातली नाही. ते त्यांना जमतही नसे. त्यांनी निकालाचा कागद मागितला. गोगीने मोबाइलवर उघडून दिला. तिने स्वतः वरचा आकडा तेवढा बघितला होता आणि चटका बसल्यासारखा तो बंद केला होता. बाईंनी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि सवयीने कागद तीनदा वाचला. प्रश्न शंभर, सोडवलेले एकसष्ट, बरोबर सत्तावन्न.

"एकसष्टात सत्तावन्न," बाई म्हणाल्या. "आणि बाकीच्या एकोणचाळीसांचं काय केलंस?"

वेळच संपला, गोगीने सांगितलं. एकेक प्रश्न तीनदा वाचत होते. चुकीच्या उत्तराला गुण कापतात का, बाईंनी विचारलं. कापत नाहीत. मग शेवटच्या पाच मिनिटांत उरलेल्यांवर काहीतरी ठोकून का नाही दिलंस? हे गोगीलाही ठाऊक होतं. माहितीपत्रकात ते ठळक अक्षरांत छापलेलं होतं. पण ऐन वेळी बोट पुढे सरकलंच नाही. नाव न वाचता कुणाच्या हातात बाटली ठेवावी, तसं तिला वाटलं होतं.

बाई पोट धरून हसायला लागल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला.

"अगं, हे पाप माझं," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "तू मठ्ठ नाहीस, पोरी. तू प्रश्नपत्रिकेलासुद्धा पेशंट समजलीस."

गोगीच्या छातीवरचा धोंडा उतरला. आपण ढ आहोत हे तिने इतकी वर्षं मुकाट्याने मानून टाकलं होतं, आणि समोरच्या कागदावर तर भलतंच लिहिलेलं होतं. तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला सपाटून भूक लागली. अर्ज पावणेपाचला भरून झाला. रात्री घरी तिने सगळं खरं सांगितलं. आई थोडी रागावली, तेही लपवल्याबद्दल. दादाने "एकसष्टात सत्तावन्न" असं स्वतःशी दोनदा म्हणून पाहिलं आणि त्याला काही चेष्टाच सुचेना.

रविवारी दुकान बंद असायचं. मागच्या खोलीत खोके बाजूला सारून बाईंनी टेबल मांडलं, जुनी प्रश्नपत्रिका आणली आणि नियम घालून दिले. प्रश्न एकदाच वाचायचा. मिनिटभरात सुटला नाही तर पुढे जायचं. शेवटचा नियम सांगताना मात्र त्यांनी बंद शटरकडे नजर टाकली आणि आवाज खाली आणला.

"आणि उरतील तिथे अंदाज करायचा," त्या कशाबशा म्हणाल्या. "पण तो इथे, या खोलीत. काउंटरवर केलास तर त्याच दिवशी घरी पाठवीन."

बोलणं सोपं होतं. पहिल्या रविवारी बावीस प्रश्न कोरे राहिले. दुसऱ्या रविवारी नऊ. प्रत्येक वेळी बाई दारात उभ्या राहून "सोड, सोड तो प्रश्न" म्हणत, आणि गोगी दात काढायला बसवल्यासारखं तोंड करून पान उलटे.

तिसऱ्या रविवारी शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा अकरा प्रश्न बाकी होते. गोगीने श्वास रोखला आणि न वाचता अकराही ठिकाणी खुणा करून टाकल्या. घड्याळ बघितलं तर अजून चार मिनिटं शिल्लक होती. परीक्षेत वेळ उरतो, हे तिला आजवर फक्त ऐकून माहीत होतं. त्या चार मिनिटांचं काय करायचं ते कळेना, म्हणून ती हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहिली.

"किती राहिले?" बाईंनी दारातून विचारलं.

"एकही नाही."

बाई आत आल्या आणि उत्तरं तपासायला बसल्या. सत्याहत्तर बरोबर निघाली. चुकलेल्यांपुढे त्या लाल पेन्सिलीने फुल्या मारत गेल्या, आणि शेवटी फुल्या मोजल्या तर तेवीस भरल्या. आपल्या धंद्यात तेवीस माणसं दवाखान्यात गेली असती, असं म्हणून त्यांनी कागद तिच्यापुढे सरकवला. गोगीने त्या फुल्यांवरून एकेक करून बोट फिरवलं. एवढ्या चुका तिने उभ्या आयुष्यात कधी केल्या नव्हत्या, आणि इतकं हलकंही तिला कधी वाटलं नव्हतं.