दोन नावांचा तीळ

मित्रांनो, मी चाळणी आहे आणि जुनी आहे, एवढं म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे अडगळ येणार. यायलाच हवी. आज मी अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याबाहेर खिळ्याला टांगलेली आहे आणि माझी जाळी एका बाजूने सुटली आहे. पण माझी कड अजून गोल आहे. डोंगरातल्या लाकडाची पातळ पट्टी वाफेवर वाकवून ती एका म्हाताऱ्या कारागिराने घडवली, तिला पितळी तारेची बारीक जाळी ताणून बसवली. जवळच्या इस्पिका गावाच्या जत्रेत वेनेराच्या आईने मला विकत घेतलं आणि लेकीच्या लग्नाच्या पेटीत चादरींच्या घड्यांवर ठेवलं. सासरी मी वेनेराबरोबरच आले.

माझं खरं काम तिळाचं. गावाबाहेर, दगडी बांधाच्या आत वेनेराचा जमिनीचा एक तुकडा होता. उन्हाळा सरला की ती वाळलेल्या पेंढ्या चादरीवर उलट्या धरून झटकायची आणि दाणे पावसासारखे खाली पडायचे. खडे, माती, काड्या माझ्यातून वेगळ्या व्हायच्या. आमच्या गावात तिळाला जुज्जुलेना म्हणतात. वेनेराच्या आईने तेच म्हटलं, आजीने तेच म्हटलं. घरचाच माल असल्यामुळे दुकानातलं तिळाचं पाकीट वेनेराने जन्मात हातात धरलं नव्हतं. हे लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं यातूनच झालं.

बिस्किटांच्या दिवशी ती तीळ धुऊन माझ्यात निथळत ठेवायची. पीठ, साखर, चरबी, अंडी, किसलेली लिंबाची साल असं मळून त्याच्या लांब वळकट्या करायची, बोटाएवढे तुकडे कापायची, दुधात बुडवायची आणि ओल्या तिळांत माझ्या अंगावर लोळवायची. भट्टीत बदामाची टरफलं जळायची. बिस्किटं बाहेर आली की गल्ली गोळा व्हायची. बाप्तिस्मा असो की लग्न, परडी वेनेराकडूनच जायची. शेजारीण अगातिना म्हणायची, “तू मेलीस की ही चाळणी मला.” वेनेरा म्हणायची, “चाळणी नेशील गं, हात कुठून आणशील?”

तिचा मुलगा ओरात्सियो देशाच्या उत्तरेला, बेर्गामो शहरातल्या कारखान्यात लागला आणि तिथेच त्याने ओर्नेल्लाशी लग्न केलं. पोरगी शिकलेली, नीटनेटकी. पहिल्या मुलीला आजीचं नाव द्यायचं ही आमच्याकडची रीत, पण नातीचं नाव ठेवलं साबिना. वेनेरा काही बोलली नाही. पण ती बोलली नाही हे गल्लीभर झालं.

साबिना दीड वर्षाची असताना बेकरीतला एक पाव खाऊन तिचे ओठ सुजले, श्वास घुसमटला. डॉक्टरांनी सांगितलं, या मुलीला तीळ विषासारखा आहे. तिकडे तिळाला सेझमो म्हणतात. ओर्नेल्लाने सासूला पत्र लिहिलं आणि त्यात एक ओळ अधोरेखित केली: साबिनाला सेझमोचा एक कणही द्यायचा नाही.

वेनेराने ते पत्र माझ्याशेजारी, टेबलावर ठेवून अक्षर अक्षर लावत वाचलं. मग अगातिनाला विचारलं, सेझमो म्हणजे काय गं? अगातिना म्हणाली, उत्तरेकडचं काहीतरी असेल, ते लोक काय वाट्टेल ते खातात. पण वेनेराने ती गोष्ट हसण्यावारी नेली नाही. मुलाने पाठवलेली सुपाची पाकिटं, डबे, बरण्या तिने एकेक खिडकीशी धरून तपासल्या, आणि जिच्यावरचा मजकूर नीट लागला नाही ती वस्तू उकिरड्यावर टाकली. तिळाची बरणी मात्र फळीवर होती तिथेच राहिली. तिच्यावर कुठे काय लिहिलेलं होतं?

साबिना चार वर्षांची झाली त्या ऑगस्टात तिघं पहिल्यांदा गावी आली. ओर्नेल्लाचं लक्ष सतत पोरीच्या तोंडाकडे. प्रत्येक ताटाला एकच प्रश्न, “आई, यात सेझमो नाही ना?” वेनेराही दर वेळी सांगायची, “नाही गं बाई, कणभर नाही.” ओरात्सियोला दोन्ही शब्द ठाऊक होते. पण तो सकाळी जुन्या मित्रांत जायचा तो जेवायलाच उगवायचा. आईला कळलंच असेल, असं त्याने धरून चाललं होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी ओर्नेल्लाचं डोकं उठलं. खिडक्या लावून ती आतल्या खोलीत पडली. इकडे आजी-नातीने पीठ मळलं. पोरगी स्टुलावर उभी राहून तुकडे दुधात बुडवत होती, आजी ते तिळांत लोळवत होती. पहिला घाणा निवला तेव्हा पोरीने हात पुढे केला. वेनेराने तो हळूच धरला आणि दाराशी जाऊन सुनेला विचारलं. तिने विचारलं होतं, मित्रांनो. मी ऐकलं आहे.

“अगं, जुज्जुलेनाचं बिस्किट देऊ का हिला?”

आमच्या बोलीतले शब्द ओर्नेल्लाला कळत नसत. आदल्याच दिवशी एक शब्द तिने विचारला, तर जेवणाच्या टेबलावर सगळे तिला हसले होते, नवराही हसला होता. म्हणून या शब्दाचा अर्थ तिने विचारला नाही.

“सेझमो नाही ना त्यात?”

“नाही गं. सगळं घरचं.”

“मग द्या.”

अर्ध्या बिस्किटातच पोरीने गळ्याला हात लावला. पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. ओर्नेल्ला अनवाणी धावत आली, स्टूल पडलं, अगातिनाच्या जावयाची गाडी फाटकाशी आली. मी टेबलावर ओल्या तिळांनी भरलेली तशीच होते आणि वेनेरा माझ्यासमोर दोन्ही हात पिठात ठेवून बसून होती.

पोरगी इस्पितळात वाचली. संध्याकाळी नवरा-बायको तिचे कपडे न्यायला घरी आले. ओर्नेल्लाने माझ्यातले चिमूटभर तीळ तळहातावर घेतले.

“हे काय आहे?”

“जुज्जुलेना,” वेनेरा म्हणाली.

“हेच सेझमो. मी पत्रात लिहिलं. रोज विचारलं. आमच्या लाडांनी पोरगी नाजूक झालीय, हेच दाखवायचं होतं ना तुम्हाला? नाव दिलं नाही त्याचा राग होता ना?”

वेनेराने मुलाकडे पाहिलं. तो मोरीशी पाठ करून हात धूत होता.

“ओरात्सियो, सांग तिला. तो शब्द या घरात कधी कुणी उच्चारला होता का? तू तरी मला सांगितलं होतंस का?”

नळ वाहत राहिला. त्याला तोंड उघडायचं तर आपली चूक पदरात घ्यावी लागली असती.

“आई, पुरे आता,” तो म्हणाला. “झालं ते झालं.”

ती माणसं दोन दिवसांनी गेली. त्यानंतर पत्रांखाली फक्त ओरात्सियोची सही यायची. वेनेराने बरणी मातीत रिकामी केली, जमिनीचा तुकडा दुसऱ्याला कसायला दिला. पुन्हा कधी बिस्किटं केली नाहीत. मला तिने कोंबड्यांच्या दाण्यासाठी ठेवलं. दाणा टाकताना कधीकधी ती थांबायची आणि “सेझमो” असं पुटपुटायची, नव्या भाषेचा धडा गिरवावा तसं.

वेनेरा वारली तेव्हा ओरात्सियो एकटाच आला. अंगणात अगातिनाने त्याला गाठून विचारलं, बायकोला खरं काय ते सांगितलंस की नाही? तो म्हणाला, सांगायचं राहूनच गेलं, मावशी. मग त्याने घराला कुलूप लावलं.

मित्रांनो, माझ्या जाळीची दुरुस्ती करा असं मी म्हणत नाही, तिचे दिवस भरले. माझी विनंती वेगळी आहे. कुणाच्या लेकराला काही खायला देण्याआधी नुसतं नाव सांगू नका. वस्तू तळहातावर घ्या, त्याच्या आईच्या डोळ्यांसमोर धरा. एखादा शब्द कळला नाही तर लोक हसले तरी पुन्हा विचारा. आणि घरात दोन्ही बोली येणारे तुम्ही एकटेच असाल, तर हात धूत उभे राहू नका.