जाळी साफ करायचं काम

आमच्या घरात बाथरूमच्या जाळीचं काम माझ्या नवऱ्याचं, योआरचं. शॉवरचं, बेसिनचं, सगळं पाणी फरशीतल्या त्या एका जाळीतून जातं. ती उचलायची, खालचा ट्रॅप, म्हणजे गटाराचा वास अडवणारा कप, बाहेर काढायचा, अडकलेले केस आणि बुळबुळीत साबण खरवडायचा. इतर घरांत यावरून नवराबायकोची जुंपते. योआर मात्र म्हणायचा, "मार्ता, तू बाळाचं बघ. ही घाण माझी." मी मैत्रिणींना हे कौतुकाने सांगायचे.

बाथरूम त्याने आणि माझ्या बाबांनी मिळून बांधलं, मी गरोदर असताना. बाबांनी आयुष्यभर लोकांच्या घरी कमोड आणि पाइप बसवले, त्यामुळे दुसऱ्या कुणाला बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. स्वेआला घेऊन मी इस्पितळातून आले तेव्हा पांढऱ्या टाइल्स चकाकत होत्या आणि कमोडच्या झाकणाला बाबांनी लाल रिबीन बांधली होती.

वास हिवाळ्यात सुरू झाला. ओल्या, कुजक्या लाकडाचा आणि त्यात थोडा गटाराचा. बाथरूमला लागूनच स्वेआची खोली, आणि ती खोकायला लागली होती.

"तुला येतोय का?" मी विचारायचे.

"कसला?" योआर हवेत नाक फिरवायचा. "छे!"

बाबा यायचे, गुडघे टेकून कमोडभोवती हुंगायचे. "कमोड ठणठणीत आहे, पोरी. बाळंतपणानंतर तुझं नाक शिकारी कुत्र्याचं झालंय." जाळीपाशी ते कधीच वाकले नाहीत. मला ते खटकलं नाही.

मी स्वेआचा पाळणा या भिंतीकडून त्या भिंतीकडे सरकवत राहिले. तिचा श्वास ऐकायला सारखी उठायचे. शेवटी दोघांनी समजूत घालून मला डॉक्टरकडे नेलं. गाडी बाबा चालवत होते. नसलेला वास येतो, असं मी तिथे माझ्याच तोंडाने सांगितलं. गोळ्या सुरू झाल्या.

सप्टेंबरात मूस हरणांची शिकार सुरू झाली आणि दरवर्षीसारखे बाबा आणि योआर जंगलातल्या झोपडीवर गेले. "पाणी तुंबलं तर राहू दे, मी आल्यावर बघतो," योआर जाताना म्हणाला. आणि तुंबलंच. मी स्वेआला अंघोळ घालत होते. पाणी उंबरठ्याकडे सरकायला लागलं, तसं तिला साबणासकट टॉवेलात गुंडाळून खुर्चीत बसवलं, पट्टा लावला, बाह्या वर केल्या आणि जाळी उचलली.

ट्रॅप निघाला. केस काढले. आत हात फिरवला तर कडेला काहीतरी मऊ लागलं. टाइल्सखालचा पाणी अडवणारा थर जाळीच्या तोंडात खाली उतरवतात आणि रिंगने घट्ट दाबून बसवतात. बाबांच्या घरात वाढलेल्या मुलीला एवढं माहीत असतंच. इथे रिंग नव्हती. थर तोंडाशीच कापलेला, आणि फटीत सिलिकॉन. खाली पिवळं पडलेलं, त्यावर करडं, सगळ्यांत वर पांढरं, ताजं. नखाने सोललं. मागून, टाइल्सखालच्या लाकडातून, तो वास आला. तोच.

योआरचा फोन बंद होता. मग बाबांना लावला, त्यांनी उचलला. मागे हसणं, कपांचा खणखणाट.

"बाबा, बाथरूममध्ये..."

"जाळी उघडलीस का तू?"

मी अजून काही सांगितलंच नव्हतं.

"रिंग कुठेय?"

"माझ्या जाकिटाच्या खिशात राहिली गं. टाइल्स लावून झाल्यावर सापडली. सगळी फरशी फोडावी लागली असती, आणि दुसऱ्या दिवशी तू बाळाला घेऊन येणार. कुठल्या तोंडाने सांगू? योआर म्हणाला, ती आधीच घाबरट, आत्ता नको. तो भरत होता ना सिलिकॉन."

"तुला वास येत होता?"

पलीकडे कुणीतरी कुत्र्याला हाक मारत होतं.

"आपण डॉक्टरकडे गेलो तेव्हाही?"

"मार्ता, त्या गोळ्यांनी तुला झोप तरी लागायला लागली ना?"

मग योआरचा आवाज. "मी आत्ता निघतो. तू कशाला हात लावू नकोस, फक्त जाळी झाकून..."

मी फोन ठेवला. जाळी उघडीच राहू दिली आणि स्वेआला उचलून शेजारच्या गुनबोर्गची बेल वाजवली.

"आमचं बाथरूम खालून कुजलंय," मी म्हणाले. "हिच्या अंगावर अजून साबण आहे. तुझ्याकडे अंघोळ घालू?"

"अगं बाई! म्हणजे तेच होतं ते!" गुनबोर्गने स्वेआचा पाय हातात घेतला. "बारशाच्या कॉफीला आले ना, तेव्हाच भपकारा आला होता मला. योआर म्हणाला, मार्तासमोर विषय नको, तिने मनाला लावून घेतलंय. मग बाकीचेही गप्प बसले."

"बाकीचे?"

"सगळ्यांनाच आला की वास."

मी मागे फिरणार होते. पण स्वेआ कुडकुडत होती. गुनबोर्गने टबात पाणी सोडलं, हात घालून ढवळलं. "घाल तिला. मी बघितलंय, कोमट आहे."

मी पाण्यात कोपर बुडवलं. कोमटच होतं. बाहेर काढलं, थांबले, आणि पुन्हा बुडवून पाहिलं.