टेबल वर की खाली

घराला अजून दारं नव्हती, खिडक्यांना काचा नव्हत्या, भिंतींच्या विटा उघड्याच होत्या. पण इंटरनेट कुठून कुठे जाणार यावरून घरात रीतसर भांडण मात्र लागलं होतं.

"वायफायच्या जमान्यात वायरी कसल्या ओढताय, ताई?" वायरमन खडू कानामागे खोचत म्हणाला. "मधोमध एक राउटर टांगा, चारी दिशांना नेट!"

"राउटर जिन्याखाली बसेल. पण तिथून माझ्या टेबलापर्यंत वायर हवीच," ती म्हणाली. "हवेतलं नेट मध्येच गटांगळ्या खातं. माझं एक वाक्य बुडालं तरी चालत नाही."

आणि ते खरंच होतं. कानाने अधू असलेल्या कॉलेजच्या मुलांसाठी ती घरी बसून काम करायची. तिकडे वर्गात प्राध्यापक बोलायचे, इकडे ही ऐकता ऐकता टाइप करायची, आणि मुलं तो तास समोरच्या पडद्यावर वाचायची. भोंगा झाल्यापासून ते काम बंद होतं. नव्या घरात आल्यावर ती पुन्हा रुजू होणार होती. कॉलेज वाट बघत होतं, पण जन्मभर थोडंच बघणार!

भोंगा म्हणजे तिचा मुलगा. त्याचं रडणं पहिल्यांदा ऐकून आजोबांनी पाळण्यातच हे नाव बहाल केलं होतं. हल्ली तो कशालाही धरून उभा राहायचा, आणि त्याने काही धरलं की आई हातातलं टाकून धावायची. म्हणून तिने टेबल दिवाणखान्याच्या कोपऱ्यात ठरवलं होतं आणि तिथल्या भिंतीवर खडूची फुलीही मारून घेतली होती. भोंगा डोळ्यांसमोर राहील, हात पसरला की हाताशी येईल.

"दिवाणखान्यात?" नवरा म्हणाला. "अगं, तो दिवाणखाना नाही, चव्हाटा होणार आहे. वरची छोटी खोली घे. दार लावून बस."

"आणि हा इकडे धडपडला तर?"

"मग मी, आई, बाबा काय हवा खायला बसणार आहोत?"

"तुम्ही तिघं बघता म्हणजे कसं बघता, ते बघितलंय मी."

आजोबांनी हळूच मोबाइलवरच्या क्रिकेटचा आवाज वाढवला. सुनेचं शेवटचं वाक्य त्यांना उद्देशून होतं हे त्यांना कळलं होतं, आणि कळलं नाही असं दाखवायला मोबाइलसारखी सोय नाही.

"काय ते ठरवा," वायरमन म्हणाला. "उद्या गवंडी गिलावा मारणार. वायरीचा पाइप आत्ता बसला तर बसला. नंतर म्हणाल इकडून तिकडे करा, तर नवी भिंत फोडावी लागेल."

"मग तालीम करू," सासूबाई म्हणाल्या.

सासूबाईंनी शाळेत विज्ञान शिकवलं होतं आणि दरवर्षी मुलांची नाटकंही बसवली होती. कुठलाही प्रश्न उभा करून, चालवून बघितल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नसे. त्यांनी भराभर कामं वाटली. सूनबाईने कोपऱ्यातल्या विटांवर लॅपटॉप ठेवून बसायचं. आपण रस्त्यावर गाडीत काचा लावून बसणार आणि फोनवरून धडा घेणार. तिने तो टाइप करायचा. बाकीच्यांनी नेहमीची सकाळ करायची.

"नेहमीची म्हणजे?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे काही सापडत नाही अशी. तुला जमेल. अभिनय करू नकोस."

भोंग्याला काही सांगावं लागलं नाही.

सासूबाई गाडीत जाऊन बसल्या. तिने कानात इअरफोन घातले आणि ज्वालामुखीचा धडा सुरू झाला. बऱ्याच महिन्यांनी बोटं कीबोर्डवर पळत होती. तिला फार बरं वाटलं. घरातही काही विशेष झालं नाही. नवरा एकदा काहीतरी विचारून गेला, भोंगा एकदा गुडघ्याला लोंबकळून गेला, इतकंच. धडा संपल्यावर ती ऐटीत म्हणाली, "बघा, झालं की नाही?"

सासूबाईंनी चष्मा लावला आणि पडद्यावरचं मोठ्याने वाचलं.

"पृथ्वीच्या पोटात प्रचंड उष्णतेने खडक वितळतो आणि अगं याचा दुसरा मोजा कुठाय हा शिलारस भेगांमधून पिशवीत असेल बघ वर येऊ लागतो अरे अरे अरे वीट सोड. दाब वाढला की बाबा आवाज कमी करा."

वायरमन हसून हसून शिडीवरच बसला. आजोबांनी क्रिकेटचा आवाज बंद केला.

"मी हे टाइप केलं?" तिने पुन्हा पुन्हा वाचलं. एवढं बोललेलंही तिला आठवत नव्हतं. "पहिल्यांदा बसले ना, म्हणून. होईल सवय."

"होईल," सासूबाई म्हणाल्या. "तोवर ती मुलं परीक्षेत लिहितील, ज्वालामुखीला दाब द्यायला मोजा लागतो. चल, वर."

वरच्या खोलीला दार नव्हतंच, तेव्हा वायरमनने एक प्लायवूड आणून आडवं लावलं. धडा पुन्हा सुरू झाला. या वेळी शिलारस सरळ वर आला, मुखातून बाहेर पडला, डोंगराच्या उतारावरून वाहिला, थंड होऊन त्याचा खडक झाला, आणि मध्ये कुणाला वीट सोडावी लागली नाही. शेवटचा पूर्णविराम देऊन ती लॅपटॉप छातीशी धरून धावतच खाली आली.

भोंगा आजोबांच्या मांडीवर होता. कपाळावर ओला रुमाल, रुमालाखाली टेंगूळ.

"काय झालं?"

"काही नाही ग. बादलीला धरून उभा राहिला, बादली उलटली," आजोबा म्हणाले.

"कधी?"

"मघाशीच. तीन मजले ऐकतील असा रडला," नवरा म्हणाला. "आता गप्प आहे."

तिचा चेहरा उतरला. तिने रुमाल उचलून पाहिला, बोटाने चाचपून पाहिला, भोंग्याचे डोळे पाहिले. भोंगा आजोबांच्या घड्याळाचा पट्टा चघळण्यात गर्क होता. त्याने आईचा हात बाजूला सारला.

"मला ऐकूच आलं नाही," ती म्हणाली. "एवढा रडला, आणि मी डोंगर लिहीत बसले." मग वायरमनकडे वळून, "खालीच करा पॉइंट."

सासूबाई गाडीतून परत येत होत्या, त्यांनी शेवटचं ऐकलं. "तुला ऐकू आलं नाही. पण खाली या दोघांना आलं ना? का आम्ही नुसत्या भिंतीच आहोत, पाइप घालायला?"

"तसं नाही, आई."

"तसंच आहे. यांनी मॅच सोडली पोरासाठी. यांनी! माझ्या दोन्ही बाळंतपणांत सोडली नव्हती."

"एकात सोडली होती," आजोबा पुटपुटले. "पाऊस पडला म्हणून."

ती हसली, पण डोळे टेंगळावरच होते. मग तिला दिसलं, बादली बाहेर अंगणात पालथी होती. नवऱ्याने कोपऱ्यातल्या सुट्या विटाही उचलून उंच रचल्या होत्या. ती खाली असती तर हे तिनेच केलं असतं, आणि सगळ्यांवर ओरडलीही असती.

"असं करू," नवरा समजुतीने म्हणाला, "दोन्हीकडे काढू पॉइंट. मन होईल तिथे बस."

तडजोड म्हणून ती झकास होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. वायरमनने दोन्हीकडे जायची तयारी म्हणून शिडी खांद्यावर घेतली.

"नको," ती हळूच म्हणाली. "खाली असला की मी खालीच बसेन. रोज म्हणेन, आजचा दिवस खाली, उद्यापासून वर. मला माहितेय ना मी कशी आहे." तिने वायरमनच्या कानामागचा खडू काढून घेतला, दिवाणखान्याच्या कोपऱ्यातली फुली तळव्याने पुसली आणि जिना चढून गेली.

वरच्या खोलीत तिने विटेवर ठसठशीत फुली मारली. वायरमन मागोमाग आला, टेपचं एक टोक तिच्या हातात देऊन म्हणाला, "फुलीवर दाबून धरा, हलवू नका. रेघ वाकडी गेली की पाइप वाकडा जातो."

तिने धरलं. तेवढ्यात खालून भोंगा वाजला. पूर्ण आवाजात.

तिचा एक पाय दाराकडे वळला. टेप सैल पडली.

"ताई!"

"धरलीय," ती म्हणाली. पाय तसाच वळलेला, अंगठा फुलीवर पांढरा पडलेला. खालून आजोबांचा आवाज आला, मग नवऱ्याचा, मग काहीतरी वाजवल्याचा. भोंगा आणखी जरा वाजला, मग हुंदक्यावर आला.

"मारा रेघ," ती म्हणाली. "लवकर मारा."